शाहूपुरीतलं टायपिंगचं दुकान: तेरा वर्षांचा अनुभव

कोल्हापुरात स्क्रिप्ट टाइप करून, छापून, बाइंड करून घ्यायची असेल तर कुठं जायचं, असं वर्षातून दोन-तीन जण तरी मला विचारतात. मी डोळे झाकून एकच दुकान सांगते. त्या दुकानाला नाव नाही. पाटीवर निळ्या अक्षरांत 'झेरॉक्स, मराठी-इंग्रजी टायपिंग, स्पायरल' एवढंच आहे. स्टेशनवरून शाहूपुरीत शिरायचं, व्हीनस कॉर्नरच्या दिशेनं सात-आठ मिनिटं चालायचं, आणि दारात पांढऱ्या प्लास्टिकच्या तीन खुर्च्या दिसल्या की तेच. या दुकानातून मी 2012 पासून एकाच चित्रपटाची स्क्रिप्ट चौदा वेळा छापून नेली आहे. चित्रपट अजून झालेला नाही. येत्या डिसेंबरात शूटिंग सुरू व्हायचंय. एकदा ती गडबड सुरू झाली की हे लिहायचं राहून जाईल, म्हणून आत्ताच लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझे आजोबा गुळव्या होते. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो बोटांनी त्याची गोळी करून बघतो, रंग बघतो, वास घेतो. तिथं जरा चुकलं की अख्खं आदण वाया. नजर कमी होत चाललेली असताना ती गोष्ट सगळ्यांपासून लपवून ठेवणाऱ्या एका गुळव्याची ही गोष्ट आहे. दोनशे पानी दोन वह्यांत मी ती लिहून काढली आणि 2012च्या मे महिन्यात, सुट्टी लागल्यावर, या दुकानात गेले. शाळेचे तक्ते आणि निकालपत्रकं छापायला मी आधीपासून तिथं जायचे, त्यामुळं मामांची ओळख होती. मामा म्हणजे दुकानाचे मालक. टायपिंगला एक ताई आहेत, त्या तेव्हाही होत्या आणि आजही आहेत.

तेव्हाचे दर मला पाठ आहेत. मराठी टायपिंग पानाला 15 रुपये, झेरॉक्स 1 रुपया, स्पायरल 25. वह्या हातात घेऊन मामांनी विचारलं, "बाई, ह्यो निबंध हाय की पुस्तक?" मी म्हटलं, सिनेमा. त्यांनी वही कपाळाला लावली आणि ताईंच्या टेबलावर ठेवली. कोल्हापुरात सिनेमाला असा मान आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथंच काढली, 'प्रभात' 1929 साली इथंच सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. मामांचे वडील जयप्रभा स्टुडिओत सुतारकाम करायचे. त्यामुळं मामांच्या लेखी सिनेमाचं काम म्हणजे घरचंच काम.

ताई टाइप करताना वाचतात, ही या दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट. बाकी ठिकाणी अक्षरं बघून बोटं चालतात, मजकूर डोक्यात शिरत नाही. पहिल्या ड्राफ्टचं टायपिंग निम्म्यावर आलं असताना मी गेले, तर त्यांनी वहीत उदबत्तीची काडी घालून पान धरून ठेवलेलं. म्हणाल्या, "बाई, बासष्टला आई गेली न्हवं? मग एकाहत्तरला चहा कोण आणालंय?" मी वही बघितली. बासष्टाव्या दृश्यात गुळव्याची बायको वारते, आणि एकाहत्तराव्या दृश्यात तीच चहाची किटली घेऊन गुऱ्हाळावर येते. मी दृश्यांची मागंपुढं अदलाबदल केली होती आणि हे नजरेतून निसटलं होतं. त्याआधी घरातल्या तिघांनी आणि शाळेतल्या एका सहकाऱ्यानं वही वाचली होती, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी तिथंच खुर्चीवर बसून ते दृश्य सुनेच्या नावावर केलं. आता ते स्क्रिप्टमधलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य आहे, कारण सासू गेल्यानंतर सून पहिल्यांदा ती किटली उचलते.

आता कामाच्या दर्जाबद्दल नीट सांगते.

मराठी स्क्रिप्ट टाइप करण्यात दोन मोठ्या अडचणी असतात. पहिली मांडणीची. माझा पहिला ड्राफ्ट जुन्या पद्धतीचा होता, पानाचे दोन उभे भाग, डावीकडं काय दिसतं आणि उजवीकडं काय ऐकू येतं. पुढं अंधेरीच्या एका ऑफिसनं सांगितलं की असं चालत नाही, संवाद मधोमध पाहिजेत, पात्राचं नाव वर, प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा आणि वेळ. 118 पानं ताईंनी नव्यानं मांडली. इंग्रजीत कुरिअर हा ठरलेला फाँट बारा पॉइंटात वापरला की एक पान साधारण एक मिनिट, असा हिशेब धरतात. देवनागरीत तो हिशेब जमत नाही, काना-मात्रा-वेलांट्यांना वरखाली जागा लागते. मग ताईंनी अक्षराचा आकार आणि ओळींतलं अंतर बदलून चार-चार पानांचे तीन नमुने काढून दिले. मी घरी मोबाइलवर वेळ लावून ते मोठ्यानं वाचले. तिसरा नमुना पानाला मिनिटाच्या आसपास आला. तोच कायम केला. असं काम एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात कोण करतं? त्याचे वेगळे पैसेही त्यांनी लावले नाहीत.

दुसरी अडचण फाँटची. सुरुवातीचे ड्राफ्ट श्रीलिपीत होते, कारण दुकानात सगळं कोर्टाचं आणि पत्रिकांचं काम त्यातच चालायचं. पुढं फाइल मेलवर पाठवायची वेळ आली आणि समोरच्याच्या संगणकावर तो फाँट नसला की नुसती चिन्हं उमटायची. म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट उमटणाऱ्या अक्षरांत, बदलून घेतलं. बदलणाऱ्या सॉफ्टवेअरनं बाकी मजकूर बरा आणला, पण 'ऱ्ह' मोडला. माझ्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कुठला, तर गुऱ्हाळ. पानापानावर 'गु-हाळ' झालेलं, मधे नुसती आडवी रेघ. ताईंनी एकदम सगळीकडं बदल करायची आज्ञा दिली तर खऱ्या जोडरेघाही गेल्या, 'आई-वडील'चं 'आईऱ्वडील' झालं. मग त्यांनी पानं छापली, हिरव्या पेनानं एकेक 'गुऱ्हाळ' हेरलं आणि हातानं दुरुस्त केलं. चार दिवस लागले. शेवटच्या पानाच्या मागं त्यांनी आकडा लिहून ठेवला होता, 341. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

आता वाट बघण्याबद्दल. त्याशिवाय एकाच दुकानात चौदा वेळा का जावं लागलं हे कळायचं नाही.

पहिले निर्माते पुण्याचे. 2013 मध्ये त्यांनी गोष्ट ऐकली, डोळ्यांत पाणी आणलं आणि 11,000 रुपयांचा चेक दिला. मला तेव्हा करार म्हणजे काय हे माहीत नव्हतं. किती दिवसांसाठी स्क्रिप्ट त्यांच्याकडं, त्यात काम सुरू झालं नाही तर ती माझ्याकडं परत कधी, यातलं काहीच लिहून घेतलं नाही. दोन वर्षं त्यांच्याकडं होती. फोन केला की म्हणायचे, अनुदानाचं गणित बसवतोय. मराठी चित्रपटाला सरकारी अनुदान मिळतं, अ दर्जाला 40 लाख आणि ब दर्जाला 30 लाख असे आकडे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी असायचे, पण ते मिळतं चित्रपट पुरा होऊन परीक्षण झाल्यावर. आधीचा पैसा कुणीतरी घालावाच लागतो. तो त्यांनी घातला नाही. पुढं त्यांनी तो व्यवसायच सोडला. ज्यांना कुणाला आज पहिला चेक मिळत असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, मुदत लिहून घ्या. एक ओळ असते, पण तिच्यावाचून माझी दोन वर्षं गेली.

दुसरे कोल्हापूरचेच, बांधकामातले. सगळं ठरलं होतं, मुहूर्ताचा नारळसुद्धा कुणी फोडायचा ते ठरलं होतं. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि पंधरा दिवसांत त्यांचा निरोप आला, आता एक-दोन वर्षं विषय नको.

त्या महिन्यात दुकानात सुट्ट्या पैशांचे हाल होते. मामांनी वहीत माझं खातं उघडलं, "द्या की सावकाश, सिनेमा झाल्यावर द्या." मी पगार झाल्यावर दिले, पण ते वाक्य मला त्या दिवशी फार धीर देऊन गेलं. आणि त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. "बाई, अडतीसमधली हजाराची नोट आता चालायची न्हाई."

अडतिसावं दृश्य असं आहे: व्यापारी गुळव्याच्या हातात हजाराची म्हणून शंभराची नोट ठेवतो, त्याला नीट दिसत नाही, तो ती खिशात घालतो, आणि नातू ते बघतो. गोष्टीचा अर्धा भार या एका नोटेवर आहे. हजाराची नोट बंद झाली म्हणून मी तिथं दोन हजाराची घातली, तिचा गुलाबी रंग कामाला आला, संवादही नवा लिहिला. 2023च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेनं दोन हजाराची नोटही मागं घ्यायचं जाहीर केलं. पुन्हा ताईंचा फोन. आता तिथं पाचशेची नोट आहे आणि फसवणूक पन्नासच्या नोटेनं होते. स्क्रिप्ट कपाटात पडून राहिली तरी बाहेरचं जग थांबत नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये नातू मिस्ड कॉल द्यायचा, त्याचंही पुढं व्हॉट्सअ‍ॅप झालं. मी लिहायला बसले तेव्हा माझ्या शाळेच्या वाटेवर सात गुऱ्हाळं होती, चिमणीचा धूर आणि ताज्या रसाचा वास घेत मी शाळेत पोचायचे. आज त्या वाटेवर दोन राहिलीत. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला वाटलं होतं आता कुणीतरी निर्माता स्वतःहून विचारेल.

तिसरी अंधेरीतली एक कंपनी. 2018. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायचं, सकाळी दादरला उतरायचं, लोकलनं अंधेरी. त्या आधीच्या संध्याकाळी मामांनी गाडीच्या वेळेपर्यंत दुकान उघडं ठेवून तीन प्रती बाइंड करून दिल्या, गरम गरम. आणि इथंच दुकानाची एक चूक सांगायला हवी, कारण फक्त कौतुक केलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही. नॅरेशन सुरू झालं, दोन तास मी वाचत होते, आणि तिथल्या बाई प्रत उघडून सोबत वाचत होत्या. मध्येच त्या थांबल्या. 74व्या पानानंतर थेट 76. पान 75 त्या प्रतीत नव्हतंच, बाइंडिंगच्या गडबडीत राहिलं होतं. त्या पानावर आजोबा नातवाला गोळी कशी बघायची ते शिकवतात. मी ते तोंडपाठ म्हणून दाखवलं, पण हात थरथरत होते. परत आल्यावर मामांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळेपासून प्रत्येक प्रत बाइंड होण्याआधी ताई आणि मामा दोघं एकेकदा पानं मोजतात आणि शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं आकडा आणि सही करतात. आता सगळ्याच गिऱ्हाइकांच्या जाड कामाला तसं करतात. चूक झाली तर अशी सुधारावी.

अंधेरीच्या कंपनीनं गोष्ट आवडली म्हणून कळवलं आणि हिंदीत करून मागितली. केली. मग म्हणाले गुऱ्हाळाऐवजी दुसरं काही चालेल का. ते मात्र मी केलं नाही. चौदा महिने उत्तर येत होतं की वरच्यांचा मेल आला की कळवतो.

आणि मग 2019चा ऑगस्ट. माझं घर नदीकाठच्या गावात आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. आठ दिवसांनी परतलो तेव्हा लॅपटॉपच्या फटीफटीत गाळ भरला होता, आणि मूळ दोन वह्या कपाटाच्या खालच्या खणात लगदा होऊन पडल्या होत्या. मी त्या उचलल्या तर पानं हातात आली नाहीत. मेलवर सहावा ड्राफ्ट होता. नंतरचं तीन ड्राफ्टांचं काम त्या लॅपटॉपमध्ये होतं. माणसं आणि जनावरं वाचली होती, त्यापुढं कागदाचं दुःख काय करायचं, असं मी मनाला समजावत होते, पण रात्री झोप लागत नव्हती.

शाहूपुरीतही पाणी होतं, व्हीनस कॉर्नरला तर नावा चालल्या. रस्ता मोकळा झाल्यावर मी दुकानाकडं गेले. शटर अर्धं उघडं, भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर चिखलाची रेघ, झेरॉक्सचं मोठं मशीन गेलेलं, मामा खराट्यानं गाळ ओढत होते. त्यांनी मला बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "बाई, तुमचा गुळव्या माळ्यावर हाय." पाणी चढायला लागलं तेव्हा मशीन दोघांच्यानं हलेना, म्हणून त्यांनी आणि ताईंनी संगणकाचा डबा आणि गिऱ्हाइकांच्या कामांच्या बॉक्स फाइली तेवढ्या वरच्या मजल्यावर नेल्या होत्या. त्यात माझ्या नवव्या ड्राफ्टची फाइल होती, आणि सोबत एक छापील प्रतही, कारण ताई प्रत्येक ड्राफ्टची एक प्रत स्वतःहून ठेवून देतात. मी तिथं चिखलातच बसून रडले. मशीनला विमा नव्हता. ते हप्त्यानं नवं घ्यायला मामांना दीड वर्ष लागलं, त्यात मध्येच लॉकडाऊन आला.

या दुकानाला पाच तारे द्यायचे का चार, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

विश्वासाबद्दल आणखी एक. स्क्रिप्टवाल्याला सगळ्यात मोठी भीती चोरीची. कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, लिहिलेल्या मांडणीला आहे. त्यामुळं लिहिलेला कागद सांभाळावा लागतो. लेखकांच्या संघटनेत नोंदणी करून ठेवावी, हे सगळेच सांगतात. आता ती स्क्रीनरायटर्स असोसिएशन म्हणून ओळखली जाते, पूर्वी फिल्म रायटर्स असोसिएशन. पूर्वी मुंबईला जाऊन पानापानावर शिक्का मारून घ्यावा लागायचा, आता घरबसल्या होतं. पण नोंदणी होण्याआधी कागद दुकानात जातो त्याचं काय? बहुतेक झेरॉक्सवाले बिघडलेली पानं पाठकोरी म्हणून ठेवतात, त्यावर हिशेब लिहितात, पोरांना चित्रं काढायला देतात, भडंग बांधायला देतात. माझ्या या दुकानात बिघडलेलं प्रत्येक पान एका जुन्या पाकिटात घालून बिलासोबत मला परत मिळतं. मी कधी मागितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ताईंनी दिलं आणि म्हणाल्या, "ह्ये तुमचं हाय, आमच्याकडं कशाला?" त्या पाठकोऱ्या पानांवरच मी पुढचे ड्राफ्ट लिहिले.

तोटेही आहेत. गाडी लावायला जागा नाही, दुचाकीसुद्धा समोरच्या बोळात लावावी लागते. जून-जुलैत दाखल्यांची आणि प्रवेशाची गर्दी असते, तेव्हा जाड काम घेऊन जाऊ नये, मामा नाही म्हणत नाहीत आणि मग दोन्हीकडं ओढाताण होते. मेलवर रात्री फाइल टाकली तर सकाळी साडेनऊशिवाय बघत नाहीत. हिंदी टायपिंग करतात पण ताईंचा हात मराठीइतका चालत नाही, नुक्ते राहून जातात, तपासून घ्या. रंगीत छपाई साधारण. पुढचं पारदर्शक कव्हर पातळ असतं, प्रवासात मुडपतं, मी दहा रुपये जास्त देऊन जाड घेते.

लॉकडाऊननंतर थिएटरं उघडली तरी मराठीत कुणी पैसे घालायला धजत नव्हतं. त्या काळात माझी आशा खरंच संपत आली होती. शाळेत एका सहकाऱ्यांनी मला 'तुंबाड'ची गोष्ट सांगितली, पहिला ड्राफ्ट 1997चा आणि चित्रपट पडद्यावर आला 2018 साली, एकवीस वर्षांनी. पुढं 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त गर्दी केली. पण माझ्या आजोबांबरोबर काम केलेले म्हातारे एकेक करून जात होते, ज्यांना मला चित्रपट दाखवायचा होता. त्यांना एकवीस वर्षं कुठून आणायची? या वाट बघण्यातलं मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

2022 मध्ये इचलकरंजीचा एक तरुण दिग्दर्शक याच दुकानात स्वतःच्या शॉर्टफिल्मच्या प्रती काढायला आला. ताईंनी त्याला विचारलं, तुम्ही सिनेमावाले का, आमच्या बाईंची एक गोष्ट आहे. गोष्ट सांगितली नाही, प्रत दाखवली नाही, फक्त मला फोन करून विचारलं, "नंबर देऊ का त्येंना?" तेरा वर्षांत माझ्यासाठी उघडलेलं सगळ्यात महत्त्वाचं दार हे. त्यानं स्क्रिप्ट एका रात्रीत वाचली. उत्तरार्धावर आम्ही दोन वर्षं भांडत काम केलं, अकरावा ते चौदावा ड्राफ्ट त्याच भांडणांचे. गेल्या वर्षी त्यानं निर्माते आणले. या वेळी करार झाला, मुदतीसकट, आणि कराराच्या दोन्ही प्रतीही इथंच छापल्या. मामांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, मी बळंच टेबलावर ठेवले.

शूटिंगचा ड्राफ्ट 126 पानांचा झालाय. युनिटसाठी 22 प्रती हव्यात. आजचा दर सांगते: एकाच कामाच्या भरपूर प्रती असतील तर पानाला दीड रुपया, स्पायरल 50, म्हणजे एक प्रत 239 रुपयांना पडते. सुटं एखादं पान 3 रुपये. मराठी टायपिंग आता 30. अंधेरीत आणि पुण्यात मी याहून जास्त देऊन याहून कच्चं काम घेतलंय.

काल मी कागद निवडायला गेले होते. गुऱ्हाळावर वाफ आणि चिकटपणा असतो, पातळ पान टिकत नाही, म्हणून मामांनी 80 जीएसएमचा कागद काढून ठेवला होता, फरक स्वतः सोसणार म्हणाले. ताईंनी पहिलं पान टाइप करून ठेवलं होतं. वर शीर्षक, खाली माझं नाव, आणि त्याखाली चौदावा ड्राफ्ट. मी विचारलं, ड्राफ्टचा आकडा काढूया का? म्हणाल्या, "असू दे की, एवढ्या येळा टाइप केलंय." ठेवलाय. तेविसावी प्रत मामा स्वतःच्या खर्चानं काढणार आहेत, बॉक्स फाइलीत माळ्यावर ठेवायला.

दुकान सकाळी साडेनऊ ते रात्री आठ, रविवारी दुपारी एकपर्यंत. पुढच्या बुधवारी तुमचं काही मोठं काम असेल तर सकाळीच उरकून घ्या, दुपारपासून मशीनवर माझ्या प्रती लागणार आहेत.